भोपळ्याची पहिली चीर

खूप जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हा आजचे डोंगर थोडे अधिक उंच असतील, एका डोंगराच्या पायथ्याशी भाजीपाला पिकवणारं एक लहानसं गाव होतं. तिथली गाजरं गोड, दुधी हातभर लांब, आणि लाल भोपळे तर एवढे मोठे की एक भोपळा मळ्यातून घरी आणायला दोन माणसं लागत.

ही सगळी करामत पाण्याची होती. डोंगरातून एक ओढा खाली यायचा. गावाने त्याला बांध घातला होता आणि बांधापासून निघालेले पाट घरोघरच्या मळ्यांत जात होते. कोणाच्या मळ्यात कधी पाणी सोडायचं आणि कधी अडवायचं, ते एक माणूस पाहायचा. गाव त्याला पाटकरी म्हणायचं. पहाट झाली की तो खांद्यावर खोरं टाकून निघायचा. इथली माती ओढून तिथे लावायची, तिथली उकरून इथे टाकायची, आणि पाणी शहाण्या गाईसारखं त्याच्या मागे यायचं. त्याचे केस पिकले, दात निम्मे पडले, पण खांद्यावरचं खोरं काही उतरलं नाही.

पाटकऱ्याची बायको कधीच देवाघरी गेली होती. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं होती. सून फार लांबच्या गावाहून आलेली. लग्न होऊन आली तेव्हा मागच्या दारी बसून रोज रडायची. सासऱ्याने ते पाहिलं आणि काही न बोलता मोठ्या पाटातून एक लहानसा पाट खणत थेट तिच्या मागच्या दारापर्यंत आणला. म्हणाला, "सूनबाई, तुझ्या माहेरी जे जे पिकतं ते इथे लाव. पाण्याची काळजी माझी." मग तिने माहेरहून बिया मागवल्या, वाफे केले, आणि रडणं कुठल्या दिवशी थांबलं ते तिचं तिलाही कळलं नाही. तेव्हापासून त्या माणसावर तिचा बापासारखा जीव होता. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका वर्षी पाटकऱ्याला ताप आला. तापही असा चिवट की जाता जाईना. वैद्यबुवांनी काढे दिले, लेप दिले, आणि शेवटी एकदाचा ताप उतरला. घर आनंदलं. आता या माणसाने जन्मभर गावासाठी राबायचं ते राबून झालं, आता त्याची सेवा आपण करायची, असं सगळ्यांनी मनोमन ठरवून टाकलं.

मुलाने खोरं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. म्हणाला, "बाबा, आता तुम्ही फक्त आराम करायचा."

थोरल्या नातीने गाईला पाणी दाखवायचं काम घेतलं. धाकट्या नातवाने तुळशीला पाणी घालायचं घेतलं. म्हातारा दावं वळायला बसला तर शेजारी येऊन त्याच्या हातातून काथ्या काढून घेत आणि म्हणत, "काका, आम्ही काय मेलोय का?" पाण्याचा तांब्या उचलायला त्याने हात पुढे केला की चार हात त्याच्याआधी धावत. त्या घरात प्रेमाची काही कमी नव्हती. खरं सांगायचं तर प्रेम जरा जास्तच झालं होतं.

आणि म्हाताऱ्याने जेवण सोडलं.

रुसून नव्हे, हट्टाने नव्हे. त्याला भूकच लागेना. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवायचा आणि हळूच बाहेर काढून ठेवायचा. दिवसेंदिवस तो बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. गालांचे खळगे झाले. मनगट इतकं बारीक झालं की सुनेला ते धरायची भीती वाटे.

वैद्यबुवा पुन्हा आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सुनेला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, माझं औषध संपलं. आता याला अन्नच वाचवील. पोटात काही गेलं नाही, तर पौर्णिमा काही तो बघत नाही."

वैद्यबुवा कडू बोलले, पण खोटं बोलले नाहीत. सून चुलीपाशी गेली, पदराने डोळे पुसले आणि तिने दुधी चिरायला घेतला.

आता त्या सुनेच्या हाताबद्दल मला दोन शब्द बोलू द्या. तिच्या हाताला अशी चव होती की ती साधं पिठलं करायला बसली तरी गल्लीतली माणसं काहीतरी निमित्त काढून तिच्या दारावरून जात. तिने दुधी मऊ शिजवला, घोटला, तुपात जिरं तडतडवलं आणि वाफाळतं कढण वाटीत घालून सासऱ्यापुढे धरलं. म्हाताऱ्याने एक घोट घेतला. "छान आहे हो," म्हणाला आणि वाटी खाली ठेवली.

तिला वाटलं, कढण भरड राहिलं असेल, घशाला टोचत असेल. दुसऱ्या दिवशी तिने गाजरं शिजवून पाट्यावर गंधासारखी वाटली आणि त्यात नारळाचं दूध घातलं. म्हाताऱ्याने एक घोट घेतला. "छान आहे हो."

तिसऱ्या खेपेला तिने पालकाचं कढण फडक्यातून गाळलं. त्यानंतर रताळ्याचं दोनदा गाळलं आणि वर घोटलेली साय घातली. शेजारणी येऊन सल्ले देत होत्या. एक म्हणाली अजून पातळ कर, दुसरी म्हणाली अजून मऊ कर, तिसरी म्हणाली चमच्याने भरव, बिचाऱ्याला हात उचलायचे कष्ट नकोत. सून सगळ्यांचं ऐकत होती. शेवटी कढण इतकं गुळगुळीत झालं की ते गिळायचीही गरज नव्हती, आपोआपच खाली उतरलं असतं. चालायचं काम मुलाने घेतलं होतं, उचलायचं शेजाऱ्यांनी, आणि आता म्हाताऱ्याच्या उरल्यासुरल्या दातांचं कामही सुनेने घेऊन टाकलं होतं. पण हे तिच्या ध्यानात कसं यावं? माया माणसाला पटकन काही दिसू देत नाही.

उरलेली सगळी कढणं घरच्या मांजरीला मिळत होती. ती मात्र चांगलीच धष्टपुष्ट झाली. एवढी, की उंबरठा ओलांडताना तिचं पोट त्याला घासायचं.

अशात डोंगरावर मोठा पाऊस झाला आणि ओढ्याचा बांध फुटला. गावातले सगळे धडधाकट पुरुष कुदळी-फावडी घेऊन डोंगरावर गेले. मुलगाही गेला. जाताना बायकोला म्हणाला, "बाबांना सांभाळ." ती म्हणाली, "तुम्ही बांध सांभाळा." पण तो वळणाआड गेल्यावर ती लगबगीने बाजेकडे वळली. सासऱ्याने कालपासून दोन घोटांपलीकडे काही घेतलं नव्हतं.

सकाळी शेजारची काकू आली. तिने आणि तिच्या जावेने मिळून एक अवाढव्य लाल भोपळा आणून ओसरीवर ठेवला.

"घे बाई, आमच्या वेलावरचा पहिला," काकू धापा टाकत म्हणाली. "याचं कढण कर. लोण्यासारखं होतं. पण मेलं, एक अडचण आहे. चिरायचा कोणी?"

अडचण खरीच होती. त्या गावात एक रीत होती. अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही. घरातल्या पुरुषाने त्याला पहिली चीर द्यायची, मग बाईने पुढचा खुशाल चिरावा. ही रीत कोणी घातली, का घातली, ते कोणालाच माहीत नव्हतं, पण पाळायचे सगळेच.

"पुरुष तर सगळे बांधावर," सून म्हणाली.

"म्हणूनच म्हणते, दार लावून घे आणि चीर पटकन. आजारी माणसासाठी करायचंय. मी काही कोणाला सांगत नाही." एवढं बोलून काकू जावेला घेऊन निघून गेली.

सुनेने दार लोटलं. मोठा सुरा हातात घेतला. भोपळ्यावर टेकवला.

आणि तेवढ्यात तिची नजर बाजेकडे गेली.

मागच्या दारच्या लहान पाटातून त्या दिवशी थोडंसंच पाणी वाहत होतं. त्यात कुठेतरी पालापाचोळा अडकला असावा, कारण पाण्याचा खळखळ आवाज मधेच दबला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता, डोळे मिटलेले. पण गोधडीवरचा त्याचा हात हलत होता. बोटं आखडायची, मनगट मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. जणू तो खोऱ्याने पाचोळा ओढत होता.

सून बघतच राहिली. आपण आजवर या माणसाच्या पोटाची भूक शोधत होतो, आणि भूक तर त्याच्या हाताला लागली होती. तिचे डोळे भरून आले. पण ती रडत बसली नाही. मला तिचं सगळ्यात मोठं कौतुक वाटतं ते याचंच. स्वतःची चूक कळल्यावर माणसं उसासे टाकण्यात अर्धा दिवस घालवतात. तिने तो अर्धा दिवस वाचवला.

तिने गोणपाट अंथरलं, भोपळा त्यावर लोटत लोटत बाजेपाशी आणला आणि जरा ठसक्यातच हाक मारली, "मामंजी, उठा."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. बऱ्याच दिवसांत त्याला कोणी 'पडून राहा' याखेरीज काही सांगितलं नव्हतं.

"काय गं?"

"भोपळ्याला पहिली चीर द्यायचीय. घरात पुरुषमाणूस तुम्हीच आहात. तुम्ही उठला नाहीत तर चूल अडून राहील."

"माझ्याच्याने नाही व्हायचं, पोरी."

"मग पोरांना काय घालू? घरात दुसरं काही चिरायला नाही."

आता घरात दोन दुधी आणि टोपलीभर गाजरं होती, हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण तिने ते सांगितलं नाही, आणि आपणही सांगायला जायचं नाही.

म्हातारा कोपरावर रेलत उठला. तिला धावत जाऊन त्याला धरावंसं वाटलं, पण तिने भोपळाच घट्ट धरून ठेवला. त्याने पाय खाली सोडले. सुरा हातात घेतला. नेट लावला. भोपळ्याच्या सालीवर एक ओरखडा उठला, नखाने काढावा तेवढा.

"झाली की चीर," सून म्हणाली.

"ही चीर?" म्हातारा भडकला. "याला चीर म्हणतात? मांजर बरं ओरबाडेल यापेक्षा! धर नीट, हलवू नकोस."

त्या घरात महिनोन्महिने कोणी रागावलं नव्हतं. तो राग ऐकून सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने भोपळा गुडघ्यांत दाबून धरला. म्हाताऱ्याने सुरा पुन्हा टेकवला, दोन्ही हात मुठीवर ठेवले आणि उरलंसुरलं सगळं वजन त्यावर टाकलं. कच्कन आवाज झाला. सुरा आत गेला आणि भोपळ्याचा गोडसर, ओला वास खोलीभर पसरला.

म्हाताऱ्याने नाक पुढे केलं. "कोणाच्या मळ्यातला?"

"काकूंच्या."

"पाणी जास्त झालंय. याला पंधरवडाभर तहानलेला ठेवायला हवा होता. गोडी वाढली असती." तो दम घ्यायला थांबला. "ठीक आहे. वाईट नाही. करणार काय आहेस?"

"कढण. मामंजी, यात गाजर घालू की नको?"

"एक घाल."

"आणि दाटपणाला?"

"मूठभर जुना तांदूळ टाक. तुझी सासू टाकायची."

तिने तुपावर आलं आणि जिरं परतलं, भोपळ्याच्या आणि गाजराच्या फोडी घातल्या, मूठभर तांदूळ घातला आणि पाणी ओतून मडकं चुलीवर ठेवलं. झाकणाखालून वाफ येऊ लागली. म्हातारा आता भिंतीकडे वळला नव्हता. चुलीकडे बघत बसला होता.

सगळं बोटाने दाबलं जाईल इतकं शिजलं, तेव्हा तिने मडकं उतरवलं आणि उचलून बाजेपुढे चुंबळीवर ठेवलं. हातात रवी दिली.

"मला भाकऱ्या थापायच्यात. घोटायचं तुम्ही बघा."

म्हाताऱ्याने रवी दोन तळहातांत धरली आणि फिरवायला सुरुवात केली. घुसळलं, थांबला. पुन्हा घुसळलं, पुन्हा थांबला. केशरी फोडी विरघळत गेल्या, तांदूळ फुटून मिसळला, आणि कढण दाट, मऊ, चकचकीत दिसू लागलं. मधे मधे गुठळ्या होत्याच. सुनेच्या हाताला सवयीने फडकं आठवलं. ते खुंटीवर समोरच टांगलेलं होतं. तिने हात आवरला आणि फडकं तिथेच राहू दिलं. कढण जरा निवल्यावर तिने त्यात घोटलेली साय घातली, कारण उकळत्या कढणात साय फाटते. वर मिऱ्याची चिमूटभर पूड टाकली.

"मीठ बघा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने वाटीतून घोट घेतला. तोंड हललं. पुन्हा हललं. मग त्याने नवल वाटल्यासारखं सुनेकडे पाहिलं.

"अगं, यात चावायला काहीतरी आहे!"

"तुमचीच गुठळी आहे ती. नीट घोटलं नाहीत."

"मीठ कमी आहे," म्हातारा म्हणाला आणि वाटी पुढे केली. "घाल, आणि वाढ पुन्हा. थोड्यात काय कळतंय?"

तिने वाढलं. त्याने वाटी संपवली. पुन्हा वाढलं, त्यात भाकरी चुरली, तेही संपलं. सून चुलीकडे तोंड करून बसली होती, कारण आता मात्र तिला रडू आवरत नव्हतं. मांजर नेहमीच्या वेळेला येऊन वाटीपाशी बसली, रिकाम्या वाटीकडे बघितलं, आणि एवढी कळवळून ओरडली की म्हातारा खदखदून हसला. त्या दिवशी त्या घरात दुःखी कोण होतं, तर ती एकटीच.

संध्याकाळी म्हाताऱ्याने काठी मागितली. सुनेने दिली, आणि सोबत जायचं टाळलं. तो मागच्या दारी गेला, वाकला आणि पाटात अडकलेला पाचोळा हाताने बाजूला केला. पाणी पुन्हा खळखळलं.

पौर्णिमेला बांध पुरा झाला आणि माणसं परत आली. मुलगा घाबरत घाबरत दारात आला. बघतो तर बाप ओसरीवर बसून दावं वळतोय आणि नातवाला तंबी देतोय. त्याचा विश्वास बसेना. सगळी हकीगत ऐकल्यावर तो बायकोकडे वळला.

"पण तुझ्या माहेरी तर ही रीत नाही. तिकडे बायकाच भोपळा फोडतात. तू एवढी रीत पाळणारी कधीपासून झालीस?"

सून गडबडली. तिने पदर सावरला.

म्हातारा दाव्याला पीळ घालत म्हणाला, "कधीच झाली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती मागच्या दारी चोरून भोपळे फोडत आलीय. साली आणि बिया पाटाच्या कडेला पुरायची. दर वर्षी तिथे वेल उगवायचे, आणि पाट तर मीच साफ करायचो. मला काय दिसत नव्हतं?"

"मग मामंजी," सून हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही उठलात कशाला? मी खोटं बोलतेय हे तर तुम्हाला कळत होतं."

म्हाताऱ्याचे हात थांबले.

"कळत होतं ना," तो म्हणाला. "पण पोरी, इतक्या दिवसांत मला 'उठा' म्हणालीस ती तू एकटीच."

 मुलगा आत गेला, आपलं खोरं घेऊन आला आणि बापापुढे धरलं. म्हाताऱ्याने ते हातात घेतलं, तोललं आणि परत केलं. "गावचे पाट आता तूच बघ. मला धाकटं खोरं दे. मागच्या दारचा पाट माझा." आणि त्यानंतर कितीतरी वर्षं त्या मागच्या दारच्या पाटात कधी पाचोळा अडकला नाही.

सुनेची ही गोष्ट आधी गल्लीत, मग गावात पसरली. वैद्यबुवांनी ती ऐकली आणि तिच्या घरी येऊन वाटीभर कढण मागून खाल्लं, गुठळ्यांसकट. हळूहळू गावाची रीतच बदलली. त्या गावात भोपळा आता बाई फोडते की पुरुष, हे कोणी बघत नाही. मात्र आजाऱ्यासाठी कढण करायचं असेल, तर भोपळा आधी त्याच्या अंथरुणापाशी नेतात आणि सुरा त्याच्या हातात देतात. चीर नखाएवढी पडली तरी चालते.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ऐकून ठेवा: ज्याच्यावर आपली माया आहे, त्याच्या तोंडी घास द्यावा, पण त्याच्या हातचं काम काढून घेऊ नये.